हॅलोकाका आणि आठ शेपट्यांचं कार्ड

हॅलोकाकांना राग येत नसे. तसं ते स्वतःच सांगत, आणि कुणी खवचटपणे "खरंच येत नाही?" असं विचारलं की त्यांना राग येई. पण तो दिसायचा नाही. ते हात जोडायचे, "नमस्कार" म्हणायचे आणि चालू पडायचे. भांडण नाही, आदळआपट नाही. समोरचा माणूस अर्धं वाक्य तोंडात धरून तसाच उभा राहायचा.

ही सवय टेलिफोन एक्स्चेंजमधली. उभी नोकरी काकांनी तक्रारीच्या फोनवर काढली. लोकांचे फोन बंद पडायचे आणि लोक शेजाऱ्याच्या फोनवरून काकांवर तोंडसुख घ्यायचे. तिथे भिंतीवर एक नियम टांगलेला होता: ग्राहक अपशब्द वापरू लागल्यास नमस्कार करून फोन ठेवावा. आजवर कचेऱ्यांमध्ये जेवढे नियम झाले त्यातला हा एकच डोकं ठिकाणावर असताना केलेला आहे, असं काकांचं ठाम मत होतं. आता अपशब्द म्हणजे नेमका कोणता, हे काही नियमात लिहिलेलं नव्हतं. ते काकांनी आपलं आपण ठरवून टाकलं. आधी आधी शिवी आली तरच फोन ठेवायचे. मग आवाज चढला की ठेवायला लागले. नोकरीच्या शेवटी शेवटी तर कुणी "अहो साहेब, जरा बघता का" मधला 'जरा' दाबून म्हटला तरी त्याला पलीकडून नमस्कार ऐकू यायचा.

रिटायर झाले, खुर्ची गेली, हेडफोन गेला, नमस्कार काही गेला नाही. त्याचे परिणाम भोगायचे ते काका गुपचूप भोगत. एकदा दाढी करून निघाले तर मागून न्हावी ओरडला, "काय हो, डोळे विकलेत का?" काकांनी वळून त्याला नमस्कार केला आणि रस्त्याला लागले. न्हाव्याचं पुढचं वाक्य होतं, चष्मा इथेच राहिलाय. एकदा बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "अहो शहाणे, पाटी वाचता येत नाही?" त्यालाही नमस्कार. काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि भलत्याच टोकाला जाऊन उतरले. तिथून चालत आले, पण कंडक्टरचं उरलेलं वाक्य ऐकून घ्यायला हवं होतं असं काही त्यांच्या मनात आलं नाही.

घरी काकूंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षात हे ओळखलं. त्या कामाचं आधी सांगायच्या आणि बोलायचं ते मागून बोलायच्या. "गॅस संपलाय, नवीन सांगा, आणि मेलं एकेक गोष्ट दहादा सांगावी लागते या घरात!" दहादापर्यंत काका दारात पोचलेले असायचे, पण गॅसचं कानावर पडलेलं असायचं. या उलट्या क्रमावर त्यांचा संसार छान चालला होता.

ताईला मात्र हे कधी जमलं नाही. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. तिचं बोलणं कायम सुलट. आधी आग पाखडणार, मग काम सांगणार, आणि मग आणखी काय सांगायची ते देव जाणे, कारण आग सुरू झाली की काका उठलेले असायचे.

आणि गंमत बघा, एवढं असूनही काका रोज सकाळी जायचे ते ताईकडेच. ताईची अंडी उबवायची शेड होती. पत्र्याची लांबलचक शेड, आत माणसाहून उंच अशी आठ कपाटं, प्रत्येक कपाटात थरावर थर ट्रे, आणि ट्रेंमध्ये अंडी. कपाटाला पंखा, हीटर, आणि समोर काचेची छोटी खिडकी. आतली ऊब साडेसदतीसच्या आसपास राहिली पाहिजे. फार चढली तर पिल्लं आतच संपतात, फार उतरली तर निघतच नाहीत. कपाटं जुनी होती आणि एकेकाची खोड वेगळी. म्हणून आठही कपाटांतून एकेक तार कॉम्प्युटरपर्यंत आणलेली होती. कॉम्प्युटर दिवसरात्र त्यांच्यावर डोळा ठेवायचा आणि कुठे काही हललं की घंटा बडवायचा.

काका तिथे तारा बघायचे, पंख्यांना तेल द्यायचे, ट्रे पुसायचे आणि उरलेला वेळ भावोजींशी गप्पा छाटायचे. भावोजी म्हणजे ताईचा नवरा. ते इतकं कमी बोलायचे की त्यांना एकही वाकडा शब्द बोलायची संधी मिळत नसे. काकांना आयुष्यात एवढा सभ्य माणूस भेटला नव्हता. घरी बसलं की काकांना भिंती खायला उठायच्या. सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे वर्णाक्षरांप्रमाणे लावायचा उद्योग त्यांनी एकदा करून पाहिला होता आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी मोठी शांतता पसरली होती. थोडक्यात, शेड होती म्हणून हा माणूस माणसांत होता.

असं सगळं ठीक चाललेलं असताना शेडमधला कॉम्प्युटर गेला. म्हातारा झाला होता. एका सकाळी त्याने जरा खाकरल्यासारखा आवाज केला आणि डोळे मिटले.

ताईचा जावई अशाच तयार सिस्टीमा बसवणाऱ्या कंपनीत होता. शांत, सज्जन मुलगा. तो फोनवर म्हणाला, "आई, मी शनिवारी येतो. आमची नवी सिस्टीम बसवू. जुन्या तारा, जुनी खोकी, सगळं काढून टाकू. बघायला माणूससुद्धा लागणार नाही."

शेवटचं वाक्य त्या बिचाऱ्याने कौतुकाने म्हटलं. काकांच्या मात्र ते काळजात रुतलं. बघायला माणूस लागणार नाही, म्हणजे कोणता माणूस? शेडमध्ये बघायला येणारा माणूस एकच होता.

"काही गरज नाही!" काका गरजले. "कॉम्प्युटर नवा घेऊ, बाकी सगळं आहे ते राहू दे. तो चालवायला आपण लिनक्स घालू. फुकट आहे, उघडं आहे, जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. मी वाचलंय सगळं."

"म्हणजे ते पेंग्विनचं चित्र असलेलं?" भावोजींनी विचारलं. महिन्याचा कोटा त्यांनी तिथेच संपवला. "पक्षीच आहे. अंड्यांशी जमेल त्याचं."

ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुझ्या वाचण्याचं मला कौतुक सांगू नकोस. गेल्या वेळी दाराला आपोआप लागणारी कडी बसवलीस तेव्हा यांना मी शिडी लावून पत्र्यातून बाहेर काढलं. आत्ता आठही कपाटं भरलेली आहेत, लोकांनी पिल्लं सांगून ठेवलीत, आणि यात काही गडबड झाली तर..."

काकांचे हात जुळायला लागले होते. पण बाकीचं ताईने या खेपेला फार घाईने म्हटलं, म्हणून तेवढं कानावर पडलं: "शनिवारपर्यंत आठच्या आठ कपाटं मला त्या पडद्यावर दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर जावई काय बसवायचं ते बसवेल आणि तू शेडची किल्ली माझ्या हातात ठेवून घरी बसायचं. परत एकाही तारेला हात लावायचा नाही."

"नमस्कार," काका म्हणाले. पण पाचावर धारण बसली होती.

आता अडचण अशी की नव्या कॉम्प्युटरला कपाटांच्या तारा लावायला एकही जागा नव्हती. ही जुन्या पद्धतीची रुंद, दोन बाजूंना स्क्रू असलेली सिरियल जोडणी. हल्ली कॉम्प्युटरला असले पोर्ट देतच नाहीत. काका बाजारात फिरफिर फिरले आणि जुन्या सामानाच्या दुकानातून एक कार्ड शोधून आले. कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, त्यातून एक जाडजूड केबल बाहेर येते आणि पुढे तिच्या आठ शेपट्या होतात. एकेका शेपटीला एकेक कपाट. काकांनी ते टेबलावर पसरलं तेव्हा भावोजी दोन पावलं मागे सरले.

लिनक्स बसलं. छानच बसलं. कपाटांची ऊब वाचणारा एक छोटा प्रोग्रामही कुणा परोपकारी माणसाने नेटवर ठेवलेला होता, तोही बसला. काकांनी कार्ड खोचलं, शेपट्या जोडल्या, बटण दाबलं आणि पडद्यावर "पहिलं कपाट, साडेसदतीस" असं उमटल्याबरोबर त्यांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी ताईला हाक मारली, भावोजींना हाक मारली, पलीकडे ट्रे धुणाऱ्या बाईंना हाक मारली. काकूंना फोन करून रिक्षा करून या म्हणून सांगितलं. काकू आल्या. सगळे पडद्यासमोर जमले.

पहिलं. दुसरं. तिसरं. चौथं.

"मग?" ताई म्हणाली.

मग काही नाही. चौथ्यानंतर सगळा शुकशुकाट.

"दमलं असेल," भावोजी म्हणाले. पुढच्या महिन्यातल्या कोट्यातून.

काकांनी कार्ड काढलं, खोडरबराने त्याचे सोनेरी दात घासले, परत बसवलं. चार. दुसऱ्या खाचेत बसवून पाहिलं. चार. शेपट्यांची अदलाबदल केली. आठव्या कपाटाला पहिली शेपटी लावली तर आठवं दिसायला लागलं आणि पहिलं गायब झालं. म्हणजे कपाटं ठणठणीत होती, तारा ठणठणीत होत्या. पुढच्या चार शेपट्याच निपचित पडल्या होत्या.

"कार्डाला अर्धांगवायू झालाय," काकांनी निदान केलं आणि त्याच दुकानातून तसंच दुसरं कार्ड उचलून आणलं. त्यानेही चारच दाखवली. अगदी तीच चार. काका कपाळाला हात लावून बसले. दोन वेगळ्या कार्डांना एकाच बाजूने वारं जावं, हे कसं शक्य आहे? ताईने विचारलं तेव्हा ते म्हणाले की दुकानात दोन्ही एकाच खोक्यात होती, एकाचं दुसऱ्याला लागलं असेल. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते नमस्कार न करताच बाहेर गेले.

अंडी काही थांबत नव्हती. तेव्हा ताईने सरळ हुकूम काढला: चार कपाटं कॉम्प्युटर बघेल, उरलेली चार माणसं बघतील. पाचव्यासमोर भावोजी, सहाव्यासमोर काकू, सातव्यासमोर ताई स्वतः, आणि आठव्यासमोर कॉम्प्युटर दुरुस्त करून जो वेळ उरेल त्या वेळात काका. रात्रपाळीला कामवाल्या बाया. प्रत्येकाला एक स्टूल, आणि काचेतून थर्मामीटर बघून थोड्या थोड्या वेळाने मोठ्याने ओरडायचं. भावोजी ओरडू शकत नसत म्हणून त्यांना ताटली आणि चमचा दिला होता. एकदा वाजवलं तर ठीक, सारखं वाजवलं तर धावा. अशा रीतीने त्या शेडमध्ये निम्मा भाग एकविसाव्या शतकात चालला होता आणि निम्मा ताटली-चमच्यावर.

काकांनी मग जगाला साकडं घातलं. लिनक्सवाल्यांची एक चर्चेची जागा नेटवर होती. अडलेल्या माणसाने तिथे प्रश्न टाकायचा आणि जाणकारांनी उत्तर द्यायचं. काकांनी प्रश्न टाकला. प्रश्न कसला, पुराणच. सुरुवात एक्स्चेंजमधल्या नोकरीपासून. मग ताईचा स्वभाव, मग कडी आणि पत्र्यातून काढलेले भावोजी, मग अंडी किती नाजूक असतात याबद्दल एक परिच्छेद, मग शनिवार, मग जावई, आणि अगदी तळाशी, जाता जाता, की आठ शेपट्यांच्या कार्डाच्या चारच शेपट्या चालतात.

उत्तरं भराभर आली. काकांनी मोठ्या उत्सुकतेने पहिलं फोनवर उघडलं. लिहिणाऱ्याने स्वतःच्या जागी नुसत्या दाढीचा फोटो लावला होता. पहिलीच ओळ: "काका, अंड्यांची गोष्ट सांगण्याआधी सूचना वाचायचे कष्ट घेतले असतेत तर..."

"नमस्कार," काका फोनला म्हणाले आणि उत्तर बंद केलं.

दुसऱ्याने लिहिलं होतं, "एवढं लांबण लावलंय आणि कार्डाचं नावसुद्धा धड..." नमस्कार. तिसऱ्याने लिहिलं होतं की या कामाला काकांनी निवडलेला लिनक्सचा प्रकारच चुकीचा आहे, त्यावर चौथ्याने तिसऱ्याची अक्कल काढली होती. ती काही काकांची नव्हती, म्हणून काकांनी ते भांडण शेवटपर्यंत चवीने वाचलं. त्यात कार्डाबद्दल अवाक्षर नव्हतं. मग परत दाढीवाला: "तुम्ही वाचत का नाही हो?" नमस्कार!

"काय म्हणतायत?" ताईने स्टुलावरून विचारलं.

"अडाणी लोक आहेत," काका म्हणाले. "कुणालाच येत नाही."

शुक्रवार उजाडला. काकांचा चेहरा उतरला होता. कार्डाच्या दातांवरचं सोनं खोडरबराने जवळपास संपत आलं होतं. ते आठव्या कपाटासमोर बसून साडेसदतीस, साडेसदतीस असं ओरडत होते, पण त्या ओरडण्यात जीव नव्हता. उद्या या वेळेला किल्ली ताईच्या हातात. परवा सकाळी उठून दाढी करून जायचं कुठे? बागेतल्या बाकावर? तिथे त्यांच्या वयाची माणसं बसायची आणि आपापल्या पोटांच्या तक्रारी सांगायची. तक्रारी ऐकण्यात उभं आयुष्य गेलेला माणूस तो, आता त्याला कुणाच्या पोटाचीसुद्धा तक्रार नको होती. त्यांना या चार भिंती हव्या होत्या, हा पंख्यांचा आवाज हवा होता. कपाटाची एकच खिडकी ते परत परत पुसत राहिले, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी या वयात रडू येतंय म्हणून स्वतःची लाजही वाटली.

इकडे सहाव्या कपाटासमोर काकू भयंकर कंटाळल्या होत्या. काकूंना वाचायचं व्यसन होतं. समोर अक्षर दिसलं की ते संपेपर्यंत त्या मान वर करत नसत. साबणाचं वेष्टन, औषधाच्या बाटलीतला घडीचा कागद, लाइटबिलाची मागची बाजू, काहीही. शेडमध्ये वाचण्यासारखं काहीच नव्हतं. खाद्याच्या पोत्यावरचा मजकूर पाठ झाला होता, आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना झाल्या होत्या, पंख्याच्या कंपनीचा पत्तासुद्धा झाला होता. तेव्हा त्यांनी काकांचा फोन मागून घेतला आणि अंड्यांचं पुराण पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं.

"अहो," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हे दाढीवाले किती चांगले आहेत हो."

"कोण? तो?" काकांनी तोंड वाकडं केलं. "मला सूचना वाच म्हणणारा?"

"हो, ते म्हणालेत तसं. पण त्याच्याखाली अजून लिहिलंय की."

"खाली काय?"

"तुम्ही वाचलं नाहीत?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं, आणि प्रश्न विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं. इतक्या वर्षांचा संसार होता, उगीच नाही. "पहिल्या ओळीला नमस्कार केलात, होय ना? ऐका आता. मुकाट्याने बसा आणि ऐका." आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"काका, अंड्यांची गोष्ट सांगण्याआधी सूचना वाचायचे कष्ट घेतले असतेत तर एवढा त्रास झाला नसता. असो. तुमचं कार्ड उत्तम आहे. लिनक्स पुष्कळदा असे चारच पोर्ट मोजतं, कारण हल्ली लोकांना तेवढेही लागत नाहीत. सुरू होतानाच त्याला सांगावं लागतं की चार नाही, आठ मोज. खाली दिलेली फाइल उघडा, दाखवलेल्या ओळीच्या शेवटी खालचा शब्द आणि आठचा आकडा लिहा, त्याखालची आज्ञा द्या आणि मशीन बंद करून चालू करा. अडलं तर विचारा, मी आहे. आणि पिल्लं निघाली की फोटो नक्की टाका, माझी मुलगी रोज विचारते."

आपापली स्टुलं सोडून सगळे काकूंभोवती जमले.

"हे कधीचं उत्तर आहे?" ताईने विचारलं.

"पहिलंच," काकू म्हणाल्या.

ताईचं तोंड उघडलं. काकांना ते दिसलं. पण मिटलं. आश्चर्यच! बहुधा इतकं बोलायचं होतं की कुठून सुरुवात करावी ते तिलाही सुचेना.

काकांनी फाइल उघडली. काकू शब्द वाचत गेल्या, काका एकेक अक्षर टाइप करत गेले. आठचा आकडा लिहिला, आज्ञा दिली, मशीन बंद केलं, चालू केलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. काकांनी डोळे मिटून घेतले. मग मागून भावोजींची ताटली वाजली. धावा म्हणून नाही. पडद्यावर पाचवं उमटलं होतं आणि भावोजींना तोंडाने ओरड फुटत नव्हती. सहावं, सातवं, आठवं! बडवा हो भावोजी, बडवा! ट्रे धुणाऱ्या बाई ओल्या हातांनी टाळ्या पिटत आत आल्या.

शनिवारी जावई आला. त्याने सगळं नीट पाहिलं, तारा पाहिल्या, कार्ड पाहिलं, आणि मनापासून म्हणाला, "मामा, एकदम झकास! याला मी हात लावत नाही." उलट त्याने एक सोय जास्तीची करून दिली. काही बिघडलं की आता घंटा तर वाजणारच, पण ताईच्या फोनवरही निरोप जाणार होता. अगदी झोपेतसुद्धा. ताई एवढंच म्हणाली, "बरं झालं." किल्ली काही तिने मागितली नाही.

स्टुलं उचलून कोपऱ्यात एकावर एक रचली गेली. काका कौतुक करून घेत, चहा घेत मध्ये उभे होते, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं. आठच्या आठ कपाटं पडद्यावर. घंटा आपोआप. निरोप आपोआप. जावई जे करणार होता तेच काकांनी स्वतःच्या हाताने, शर्थ करून, जग पालथं घालून केलं होतं. आता बघायला माणूस लागणार नव्हता.

त्यांनी पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरले. ताई फोनवर कुणाशी तरी पिल्लांबद्दल बोलत होती. तिला न सांगताच ते घरी आले. निघताना किल्ली आपणहून खिळ्याला अडकवली.

रविवारी गेले नाहीत. सोमवारी सकाळी दाढीही केली नाही. पेपर वाचला, मग कालचा वाचला. सुनेने स्वयंपाकघराचं दार हलकेच लावून घेतलं. काकू समोर चहा ठेवून गेल्या. तो गार झाला.

आणि फोन वाजला. ताईचा.

"हॅलो," काका म्हणाले.

"हॅलो काय, हॅलो? तू स्वतःला समजतोस कोण रे? किल्ली खिळ्याला लटकवून चोरासारखा निघून जातोस? काम झालं की पाठ फिरवायची, हे शिकवलं का आईने?"

काकांचा अंगठा आपोआप लाल बटणाकडे गेला. ओठांवर 'नम' आलासुद्धा. समोर काकू उभ्या होत्या. त्या नुसतं त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. काकांनी अंगठा उचलला आणि धरून ठेवला. तो कुठे ठेवावा हेच त्यांना कळेना.

"ऐकतोयस का ठेवलास?"

"ऐकतोय," काका म्हणाले.

पलीकडे ताई एकदम अडखळली. हे उत्तर तिला कधी मिळालंच नव्हतं. पण सावरली, आणि मग तिने त्यांना असं झोडपलं की विचारू नका. कडी काढली, पत्रा काढला, दोन कार्डांचा अर्धांगवायू काढला, चौथीत असताना फोडलेली तिची पाटी काढली. काका खाली मान घालून ऐकत होते. कान लाल झाले होते. जन्मभराचं एकदम ऐकत होते म्हणा ना. मग ताईला दम लागला. आवाज खाली आला. काका तिच्या बोलण्याच्या या टोकाला पहिल्यांदाच येत होते.

"ते आठवं कपाट," ताई म्हणाली, "मी काढलंय कॉम्प्युटरवरून. शेपटी उपटून टाकली."

"का? काय झालं त्याला?"

"काही झालेलं नाही. सगळंच त्या डबड्याने बघितलं तर मग..." ती थांबली. "हे तर काही बोलतच नाहीत, तुला माहितीय. काल दिवसभर शेडमध्ये कुणी बोललंच नाही रे माझ्याशी. पंखे नुसते गरगर गरगर. आठव्यासमोर स्टूल मांडून ठेवलंय. उद्या-परवा पिल्लं चोची मारायला लागतील, तेव्हा तिथे मला माणूस पाहिजे. कुठलाही माणूस नको. तू पाहिजेस."

काकांचे डोळे भरून आले होते, आणि काकूंनी ते पाहिलंय हेही कळत होतं.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "शेपटी उपटलीस म्हणजे कशी उपटलीस? बाजूचे दोन्ही स्क्रू आधी सैल केलेस ना?"

"कसले स्क्रू?"

"अगं, स्क्रू न काढता ओढलीस? हाताने? सगळं कार्ड बाहेर आलं असेल! बाकीची सात दिसतायत का? दिसतायत का सांग आधी! नाही, नाही, तू कशाला हात लावू नकोस, तिथून हलू नकोस, मी आलोच!" काका बोलता बोलता एका पायात चप्पल घालत होते आणि दुसरी शोधत होते. काकूंनी ती पायाने पुढे सरकवली.

"ये मुकाट्याने," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. बहीणभावाच्या उभ्या आयुष्यात फोन आधी ताईने ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती.